लेस आधी तुटते

स्केटबोर्डच्या बुटाचं आधी काय जातं, हे मला आमच्या हट्टा गावात कुणी विचारणार नाही. विचारलंच तर मी छातीठोकपणे सांगेन की आधी लेस जाते. तळवा नाही, टाच नाही. जो पाय पुढं ठेवायचा त्या पायाची लेस, आणि तीही बाहेरच्या अंगाची, बोटांकडच्या भोकांजवळची. मग करंगळीवरचं कापड विरतं, मग शिलाई उसवते आणि शेवटी भोकातून मोजा बाहेर डोकावायला लागतो. हा क्रम चुकत नाही. बूट कुठल्याही कंपनीचा असो.

मी हळदीचा शेतकरी. शिवाय माझ्याकडं हळद पॉलिश करायचा ड्रम आहे. हंगामात तो ट्रॅक्टरला जोडून गावोगाव फिरतो, पार शिरड शहापूरपर्यंत. शिजवून वाळवलेली हळद ड्रममध्ये भरायची आणि फिरवायची. हळकुंडं जाळीवर आणि एकमेकांवर घासली जातात, साल आणि मुळ्या झडतात, आतला पिवळा रंग वर येतो. घासणं हाच माझा धंदा म्हणा ना. बुटांचं मला लवकर उमगलं ते त्यामुळं. त्यात माझी काही हुशारी नाही.

बोर्ड आमच्या घरात आला तो भाच्यामुळं. माझी बहीण नांदेडला असते, तिचा मुलगा पुण्यात शिकायला होता. एका सुट्टीत तो हे खूळ काखेत मारून आला आणि जाताना इथंच विसरून गेला. विसरला की मुद्दाम ठेवून गेला, ते त्यालाच ठाऊक. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. एकुलती एक. फोनवर बघून बघून ती त्यावर उभी राहायला शिकली. आमच्या शेतात गावाला लागून हळद वाळवायचं सिमेंटचं खळं आहे. गवंड्याच्या मागं लागून मी ते चांगलं गुळगुळीत घोटून घेतलं होतं, हळदीला माती लागू नये म्हणून. हळदीचे दोन-अडीच महिने सोडले तर ते मोकळंच असतं. तिला आयतं मैदान मिळालं.

शेजारी माझी चुलती राहते. तिनं पहिल्यांदा हा प्रकार पाहिला आणि कपाळाला हात लावला. "लग्नात पोरी पाटावर उभ्या राहत्यात, तुझी तर पाट घेऊनच पळून राहिली," असं ती मला म्हणाली. तेव्हापासून गावात बोर्डाचं नाव पाट पडलं. पोरगी रस्त्यानं निघाली की "पाट निघाला, पाट" म्हणून लोक बाजूला व्हायचे. माझी बायको मात्र रोज खळ्याच्या कडेला जाऊन बसायची. पुढ्यात निवडायला काहीतरी घेतलेलं असायचं, पण ध्यान सगळं पोरीकडं. "हात टेकू नको पडताना, मनगट जाईल," असं ती इतक्या मोठ्यानं ओरडायची की रस्त्यावरचा माणूस दचकावा. पोरगी चिडायची आणि परत चढायची.

तिला जे जमवायचं होतं त्याला ऑली म्हणतात. पाट हातानं न उचलता पायांनीच हवेत उचलायचा. मागच्या पायानं पाटाच्या मागच्या टोकाला दणका द्यायचा आणि त्याच वेळी पुढच्या पायाची बाहेरची कड पाटावरून वर घासत न्यायची. म्हणजे पाट पायाला चिकटून वर येतो. पाटावर काळा खरखरीत कागद डकवलेला असतो, सुताराच्या पॉलिश पेपरसारखा. पाय घसरू नये म्हणून तो असतो, आणि बूट खातो तोही तोच. एकेका उडीला बूट त्यावर एकदा घासला जातो. आता शाळेचा कापडी बूट तिथं किती टिकणार?

हे सगळं बायको असताना चाललेलं होतं आणि मी त्यात नव्हतो. बूट फाटले की ती शिवायची, नाहीतर नवे आणायला लावायची. माझ्यापर्यंत फक्त कुरकुर यायची.

मागच्या गणपतीच्या दिवसांत बायकोला ताप आला. ताप डोक्यात गेला. नांदेडला नेलं आणि तिथून तिला तशीच परत आणली. मला काही वाटलं नाही. हे वाक्य लिहिताना हात जरा थांबला, पण खरं तेच आहे. बहीण माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती आणि मी विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर बंद केला होता की नाही ते आठवत होतो. लोक भेटायला यायचे, माझ्या तोंडाकडं बघायचे, मी त्यांच्या चपलांकडं बघायचो. माणूस गेलं की गावाला सल्ल्यांचा पूर येतो. कुणी म्हणालं देवाला जाऊन या, कुणी म्हणालं म्हैस घ्या, मन रमतं. मी प्रत्येकाला बरं म्हणत होतो. म्हशीला बरं म्हणालो तेव्हा समोरचा माणूस खूश होऊन उठला.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. मी शेतात जात होतो, हळदीला पाणी देत होतो, खत टाकत होतो. काम थांबलं नाही. पण घरी आलो की भिंतीला टेकून बसायचो आणि बसलेलाच असायचो. दुःख होत असतं तर निदान काहीतरी चाललंय असं वाटलं असतं. इथं आत काहीच हलत नव्हतं. भूक लागली की नाही तेसुद्धा कळायचं नाही. पोरगी ताट आणून ठेवायची, थोड्या वेळानं तीच उचलून झाकून ठेवायची. बोलायला आमच्याकडं काही नव्हतं. तिच्या आईशिवाय आम्ही दोघं कधी एकमेकांशी बोललेलोच नव्हतो, जे काय असेल ते तिच्यामार्फत.

अशात एके संध्याकाळी पोरीनं एक बूट माझ्यासमोर आणून ठेवला. डाव्या पायाचा, शाळेचा.

"पप्पा, लेस तुटली."

"गाठ मार."

"गाठ मारली तर गाठच घासती. परत तुटती."

मी बूट हातात घेतला तो निव्वळ समोर होता म्हणून. लेस कापल्यासारखी तुटली नव्हती, झिजून झिजून गेली होती. तंतू फुलले होते. आणि फक्त बाहेरच्या अंगाला, आतल्या अंगाची लेस अगदी कोरी. मी तिला विचारलं की असं एकाच बाजूला काहून. तिनं पाट आणला, घरातच उभी राहिली आणि पाय कसा वर सरकतो ते हळूहळू करून दाखवलं. मी खाली बसून बघत होतो. मग मी म्हणालो, "दाभण कुठं ठेवलंय बघ."

दाभण म्हणजे पोती शिवायची जाड सुई. हळदवाल्याच्या घरात ते कोनाड्यात असतंच. त्या दिवशी मी लेस ओवायची पद्धतच बदलली. बाहेरच्या बाजूची खालची भोकं सोडून दिली आणि लेस आतल्या अंगानं वर नेली. दिसायला वेडंविद्रं झालं, बूटही थोडा ढिला पडला, पण जिथं घासायचं तिथं आता लेसच नव्हती. ती लेस टिकली. मग लगेच करंगळीवरचं कापड गेलं. साहजिकच होतं. घासणारं घासतच असतं, त्याच्यासमोर काय ठेवायचं एवढंच आपल्या हातात.

तिथून माझ्या संध्याकाळी त्यात जायला लागल्या. आनंद वाटत होता असं म्हणणार नाही. आनंद नव्हताच. पण हाताला कळत होतं की काय करायचंय. लेसवर मेणबत्ती घासून पाहिली. मेणानं लेस थोडी जास्त टिकते, पण त्यावर माती बसून ती काळीकुट्ट होते. मग ठिबकची बारीक नळी कापून तिचे तुकडे लेसवर चढवले. नळी झिजेना, पण इतकी ताठ की लेस आवळलीच जाईना. पोरगी खळ्यावरून लंगडत आली आणि बूट काढून म्हणाली, "नळी रुतून राहिली पप्पा, हे न्हाई चालायचं." सायकलच्या ट्यूबचं कडं कापून लेसच्या पट्ट्यावर बसवलं. ते रबर त्या काळ्या कागदाला असं धरायचं की पाय वर सरकायच्या ऐवजी जागेवर अडकायचा, आणि पोरगी तोंडावर. तेव्हा मला कळलं की नुसतं टिकाऊ असून भागत नाही. घासलंही पाहिजे आणि सरकलंही पाहिजे. जे सरकत नाही ते टिकून काय उपयोग?

दिवाळीत बहीण आली, सोबत भाचा आला आणि त्यानं खरेखुरे स्केटिंगचे बूट आणले. त्याचेच जुने, एक नंबर मोठे. पुढं कापसाचा बोळा घातला की पोरीला बसायचे. मी ते बूट चांगले उलटेपालटे करून पाहिले. करंगळीच्या बाजूला कापड नव्हतं, लव असलेलं जाड चामडं होतं. शिलाई एकेरी नव्हती, एकाशेजारी एक अशा ओळी होत्या. म्हणजे बाहेरची ओळ गेली तरी आतली धरून ठेवील. चोचीत चामड्याखाली रबराचा पत्रा दडवलेला. ज्यानं हा बूट काढला त्यानं कधीतरी स्वतः बोटं सोलून घेतलेली असणार. पण लेसचं त्यानंही फारसं मनावर घेतलेलं नव्हतं. भोकं तशीच उघड्यावर होती. मी भाच्याला तसं बोलून दाखवलं. तो म्हणाला, "मामा, लोक सरळ नवीन लेस घालतात." बहीण माझ्याकडं बघत होती. ती म्हणाली, "दादा, तू बुटाबद्दल बोलतोस, वहिनीबद्दल एक शब्द काढत न्हाईस." मी उठून ट्रॅक्टरकडं गेलो.

लेसवरचा उपाय मला वेल्डिंगच्या हातमोज्यात सापडला. ड्रमच्या जाळीला डाग द्यायचा तर मी हातात जाड चामड्याचे मोजे घालतो. त्यांचं चामडं तसंच, लवेचं. एका फाटक्या मोज्याचा अंगठा कापला, उघडून सपाट केला आणि भाच्यानं आणलेल्या डाव्या बुटाच्या लेसच्या बाहेरच्या अंगावर झाकणासारखा बसवला. वरच्या कडेला दाभणानं टाके, खाली पंक्चरचं सोल्युशन, आणि आतल्या अंगाला मोकळा, म्हणजे झाकण उघडून लेस बांधता येते. आता घासायचं ते त्या पट्टीनं घासायचं. पट्टी गेली की नवी लावायची, आतला बूट आणि लेस तशीच. ड्रममध्येही आम्ही हेच करतो. आसावर जिथं झीज होते तिथं बदलता येणारा तुकडा ठेवतो, म्हणजे आस वाचतो.

पोरगी घालून गेली आणि आली. "बराबर बसतो," एवढंच म्हणाली. ही तिच्या दृष्टीनं मोठी स्तुती होती. ती आईसारखी बोलघेवडी नाही, माझ्यावर गेली आहे.

संक्रांत गेली. हळद काढणीला आली, मग शिजवणं, मग खळ्यावर वाळवण. खळं पिवळंजर्द भरून गेलं आणि त्यावर पाय ठेवायला जागा राहिली नाही. त्यात तिची दहावी. ती म्हणाली की शाळेजवळच्या सिमेंटच्या रस्त्यावर जाते थोडा वेळ, डोकं मोकळं होतं. मी बरं म्हणालो. मी दिवसभर ड्रम घेऊन बाहेर असायचो, दिवेलागणीला यायचो. बूट दारात ठेवलेला असायचा. कधी पट्टी विरलेली, कधी टाके उसवलेले. मी हातपाय धुवून तो घेऊन बसायचो. चुलती येता-जाता म्हणायची, "चांभार झाला बापा तू." मी म्हणायचो, "तुमच्या चपला आणा, त्या बी करतो." या बोलण्याची आम्हा दोघांना सवय झाली होती.

दहावीचा निकाल लागला. मार्क चांगले पडले. बहिणीचा त्याच दिवशी फोन आला. तिनं सगळं ठरवूनच टाकलं होतं. पोरीनं अकरावीला नांदेडला यायचं, तिच्याकडं राहायचं, सायन्स घ्यायचं, शिकवणी लावायची. पोरीला डॉक्टर व्हायचं होतं. हे काही आईच्या मरणानंतर सुचलेलं नाही. लहानपणी चुलतीच्या शेळीला ती काडीनं इंजेक्शन द्यायची. नांदेडला जायचं तिच्या आईनं आणि तिनं सातवीतच ठरवून ठेवलं होतं. म्हणून मला वाटलं, आता ही जाणार.

पण ती नाही म्हणाली.

"हितंच वसमतला करते अकरावी. जाऊन येऊन."

"काहून?"

"आत्याचं घर वरच्या मजल्यावर हाय. खाली सगळी गाड्यांची गर्दी. तिथं बोर्ड चालवायला जागा न्हाई."

बहीण फोनवर माझ्यावर तापली. त्या पाटापायी पोरीच्या आयुष्याचं वाटोळं करतोस का, म्हणाली. मी म्हणालो, तिला विचार. तिला विचारलं तर तिचं तेच, जागा नाही. प्रवेश सुरू व्हायला आले. बहीण रोज फोन करायची. मी तिला लाऊडस्पीकरवर टाकून बूट शिवत बसायचो. खरं सांगायचं तर पोरगी जात नाही हे मला बरं वाटत होतं. बरं वाटत होतं म्हणजे काय, तर दाभण कोनाड्यात न जाता हाताशीच राहणार होतं. डॉक्टर होण्याचं काय, असं मी तिला विचारायला हवं होतं. ते माझ्या डोक्यात आलं आणि तसंच निघून गेलं. त्या दिवसांत माझ्या डोक्यात येणारं सगळंच असं बाहेर पडायचं.

जूनच्या सुरुवातीला तिनं बूट आणला तेव्हा मी पट्टी बदलली आणि सवयीनं बूट उलटा केला. तळव्याच्या नक्षीत हळद अडकते. हळदीचं खळं कितीही झाडलं तरी सिमेंटच्या अंगात पिवळं राहतंच, पाऊस पडून जाईपर्यंत. त्यावर कुणी चाललं तरी टाचा पिवळ्या होतात. खळं मोकळं होऊन बरेच दिवस झाले होते आणि पोरगी रोज संध्याकाळी खळ्यावर जात होती. मी खिळा घेऊन नक्षी कोरायला बसलो, तर कोरायला काही नव्हतं. तळवा स्वच्छ.

मी उजवा बूट मागून घेतला. ऑली मारताना मागच्या पायानं दणका बसतो, त्याचा तळवा पुढच्या बाजूनं झिजायलाच पाहिजे. तो हिवाळ्यात पाहिला होता तसाच. मग मी आताच काढलेली जुनी पट्टी उजेडात धरली. तिच्यावरचे ओरखडे सगळे एकाच दिशेनं गेले होते, एकसारखे, शेजारी शेजारी. पायानं घासलेलं असं नसतं. पाय कधी वर लागतो, कधी खाली, कधी वाकडा. ड्रममधून निघालेलं हळकुंड आणि कुणी हातानं फरशीवर घासलेलं हळकुंड यांतला फरक मला चटकन दिसतो. तसाच हाही दिसला. पोरगी समोरच भाजी चिरत होती. मी बूट शिवून ठेवून दिला.

त्यानंतर एक दिवस ड्रमचा पट्टा तुटला आणि मी उन्हं असतानाच गावात परतलो. ट्रॅक्टर रस्त्यालाच लावला आणि खळ्याकडं चालत गेलो. खळ्याच्या मागं पोती ठेवायचं पत्र्याचं शेड आहे. पोरगी शेडच्या सावलीत पोत्यांवर बसली होती. पाट तिनं दोन गुडघ्यांत उभा धरला होता. डावा बूट तिनं पायात नाही, हातात घातला होता, आणि ती तो त्या काळ्या कागदावर खालून वर, खालून वर घासत होती. तव्याची करपट काढावी तसं. मधेच थांबून पट्टी बघायची, फुंकर मारून भुसा उडवायची, जागा थोडी बदलायची आणि परत घासायची. घाई नव्हती तिला. मन लावून चाललं होतं. पाटाची चाकं माझ्याकडं होती आणि चाकांच्या मधे कोळ्याचं जळमट लागलेलं होतं.

माझ्या आत काहीतरी हललं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. ते बरं वाटलं नाही, उलट भीती वाटली. मी आलो तसा मागं फिरलो आणि ट्रॅक्टरवर जाऊन बसून राहिलो.

दिवेलागणीला तिनं बूट पुढं ठेवला. "गेला पप्पा परत," म्हणाली. मी दाभण घेतलं, नवी पट्टी कापली, शिवायला लागलो. तिनं विचारलं की ड्रमचा पट्टा मिळाला का. मी सांगितलं मिळतो उद्या, वसमतला. तिनं विचारलं हळद कशी निघाली त्या लोकांची. मी सांगितलं. मग तिनं वाढलं आणि मी जेवलो. जेवताना एकदा सहज वर पाहिलं तर ती माझ्याकडं बघत नव्हती, माझ्या ताटाकडं बघत होती. भाकरी संपली तशी तिनं न विचारता दुसरी टाकली.

सकाळी ती चहा घेऊन आली तेव्हा मी तिला बस म्हणालो.

"नांदेडला कधी जायचं?"

"सांगितलं की पप्पा. तिथं बोर्ड चालवायला जागा न्हाई."

"चाकाला जळमट लागलंय."

ती कपातला चहा हलवत राहिली.

"कधीपासून चालवत न्हाईस?"

"संक्रांतीपासून."

"काहून?"

"मन लागंना." मग म्हणाली, "वरडायला कोनी न्हाई तिथं."

"मग बूट काहून घासून राहिली?"

तिनं हातातला कप खाली ठेवला. मला वाटलं आता रडते की काय. पण ती रडली नाही. एखाद्याला गणित समजावून सांगावं तसं शांतपणे सांगायला लागली.

"बूट फाटला की तुमी दाभण मागता. शिवायला बसले की बोलता. अन् शिवून झालं की जेवता. मी पाह्यलंय. ज्या दिवशी बूट फाटत न्हाई त्या दिवशी तुमी जेवत न्हाई."

मला आधी राग आला. माझ्या नाकाखाली इतके महिने हे चाललं आणि मला पत्ता नाही, याचा राग असावा. मग राग गेला आणि त्याच्या जागी लाज आली, आणि लाजेच्या मागोमाग जे आलं त्याला मी काय म्हणू? मला तिची फार माया आली त्या क्षणी, आणि ती फार लहान दिसली. डॉक्टर व्हायला निघालेली पोरगी, पण पेशंट एकच, तोही घरचा, आणि त्याच्यापायी ती वसमतला अडकून पडायला तयार झालेली. तिच्या बोटांची सालं निघालेली होती, कागदाला लागून लागून. ती मला इतके दिवस दिसली नव्हती.

मी तिच्यासमोरच बहिणीला फोन लावला. म्हणालो, उद्या पोरीला घेऊन येतो, प्रवेशाचं बघून ठेव. बहीण काहीतरी बोलायला लागली, मी फोन ठेवला.

"मी न्हाई जात," पोरगी म्हणाली.

"जातीस."

"तुमचं जेवण?"

"चुलती ताट पाठवील. न्हाई पाठवलं तर मागून घेईन."

"मागताल?"

"मागीन."

तिचा विश्वास बसला नव्हता. तिनं माझा चहाचा कप उचलला, आतला चहा संपला का ते बघितलं आणि खाली ठेवला.

"अन् संध्याकाळी आले घरी, की काय करताल?"

मी खरंच विचार केला. तिला खोटं सांगून चाललं नसतं, खोटं तिला माझ्यापेक्षा चांगलं करता येत होतं.

"रडीन," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं.

"रडू येईल का?"

"तू गेल्यावर येईल."

ती मग उठली, आत गेली, आणि कपाटावरची बॅग खाली काढल्याचा आवाज आला.